मुलीकडच्यांचा राष्ट्रीय पोशाख

लग्नाच्या कामांची यादी हिलरीने फ्रिजवर चिकटवली होती. फुलवाला, केक, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा, गावच्या हॉलच्या खुर्च्या, पाहुण्यांची बस कुठे लावायची, सगळं त्यात होतं. इंग्लंड म्हणजे नेमकं काय, हा विषय मात्र त्या यादीत कुठेही नव्हता, आणि माझे तीन महिने त्यातच गेले.

दोष माझ्या तोंडाचा. व्याही पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आले तेव्हाची गोष्ट. व्याही म्हणजे मर्डो गेडिस, स्कॉटलंडात पर्थजवळच्या एका खेड्यातले, गुरांचे निवृत्त डॉक्टर. सव्वासहा फूट उंच, आणि खांदे असे की आमच्या दारातून त्यांना जरा तिरकं होऊनच आत यावं लागलं. आमच्या फिलिपाने त्यांच्या स्ट्रुअनला पसंत केलं होतं आणि त्यात नाव ठेवायला जागा नव्हती. मुलगा सालस, नोकरी एडिनबरोत, आणि मुख्य म्हणजे भांडी घासतो. तेव्हा सगळं सुरळीत चाललेलं असताना, मटण कापता कापता मी सहज म्हणालो, "आपण इंग्लिश लोक मुळात जरा भिडस्तच."

मर्डोंनी काटा खाली ठेवला. "आपण म्हणजे?"

"म्हणजे आपण सगळे."

"आम्ही इंग्लिश नाही हो. तुम्हाला ब्रिटिश म्हणायचं असेल."

"तेच ते," मी म्हणालो.

स्कॉटलंडच्या माणसासमोर काय वाटेल ते बोलावं, पण 'तेच ते' म्हणू नये. हिलरीने मला टेबलाखालून लाथ मारली. ती स्ट्रुअनला लागली आणि तो बिचारा तिलाच सॉरी म्हणाला.

मी चूक सुधारायची ठरवली. जेवणानंतर त्यांना गाव दाखवायला निघालो तो इंग्लिश हा शब्द दातांखाली धरूनच. हे ब्रिटिश चर्च. हे ब्रिटिश तळं. ही त्यातली ब्रिटिश बदकं. क्रिकेटच्या मैदानावर पाऊस पडत होता आणि बावीस माणसं छपराखाली बसून, चहा पीत, खेळ सुरू होण्याची वाट बघत होती. "अगदी ब्रिटिश दृश्य," मी म्हणालो.

"हे इंग्लिश आहे," मर्डो म्हणाले. "याचं खापर आमच्या माथी नको."

आणि मग त्यांनी तो प्रश्न विचारला. कुत्सितपणे नाही, गाय आजारी पडली की मालकाला विचारतात तसा, शांतपणे. "तसं तुमच्याकडे फक्त तुमचं असं काय आहे हो? आमचं सोडून, वेल्सवाल्यांचं सोडून. एकट्या इंग्लंडचं?"

"पुष्कळ आहे," मी म्हणालो.

"एक सांगा."

"सांगतो ना," मी म्हणालो, आणि तेवढ्यात पाऊस वाढला, म्हणून आम्ही घराकडे पळालो. आयुष्यात पावसाचे मी इतके आभार कधी मानले नव्हते.

पण सुटलो नव्हतो. आठ दिवसांनी त्यांची ईमेल आली. त्यांच्याकडचे एकोणीस पुरुष किल्ट, म्हणजे त्यांचा तो चौकड्यांचा गुडघ्यापर्यंतचा घागरा, घालून येणार होते. जेवणापूर्वी दोन्हीकडच्या बापांनी उभं राहून आपापल्या पोशाखाविषयी दोन शब्द बोलायचे, अशी त्यांच्या घराण्याची रीत होती. 'तुम्ही अर्थातच तुमच्या पोशाखात असाल,' असं शेवटी लिहिलं होतं. तो 'अर्थातच' मला फार लागला.

"राखाडी सूट आहे की," हिलरी म्हणाली.

"राखाडी सूट जगातला कुणीही घालतो. जपानी लोक घालतात."

"त्यांनी तो आपल्याकडूनच घेतला ना?"

"घेतला ना? मग आता तो आपला राहिला का?"

हिलरीने माझ्याकडे पाहिलं आणि ती खुर्च्या मोजायला हॉलवर निघून गेली. आमच्या सदतीस वर्षांच्या संसारात वादाच्या ऐन रंगात तिला नेहमीच काहीतरी मोजायचं असतं.

शेजारी बर्नार्ड ओल्डरशॉ राहतो. हा गृहस्थ हॉल कमिटीचा अध्यक्ष, फ्लॉवर शोचा परीक्षक आणि न विचारलेल्या सल्ल्यांचं उगमस्थान आहे. तो कुंपणावर कोपर टेकून म्हणाला, "अरे ट्रेवर, यात अडचण काय? झेंड्याच्या कापडाचा वेस्टकोट शिव."

मी त्याला समजावलं की आपण सगळीकडे फडकवतो त्या झेंड्यात स्कॉटलंडचा क्रॉससुद्धा आहे. म्हणजे व्याह्यांचंच कापड अंगावर घालून व्याह्यांचं स्वागत करायचं.

"मग नुसता इंग्लंडचा घे. पांढऱ्यावर लाल. माझ्याकडे आहे एक."

तो घेऊन आला. त्यावर बिअरचा डाग होता आणि कुठल्या तरी जुन्या फुटबॉल स्पर्धेचं साल छापलं होतं, ज्यात आम्ही पेनल्टीवर हरलो होतो. त्याचा वेस्टकोट घालून मी मुलीला घेऊन चर्चमध्ये शिरलो असतो, तर लोकांनी स्कोअर विचारला असता.

मग त्याने मॉरिस नावाच्या आमच्या जुन्या गावनाचाचा पोशाख काढला. बर्नार्ड स्वतः त्या नाचात आहे. पांढरे कपडे, दोन्ही हातांत रुमाल आणि पोटऱ्यांना घुंगरं. मी दिवाणखान्यात चार पावलं चालून पाहिली. दर पावलाला छन छन. अशा थाटात नवऱ्या मुलीला वेदीपर्यंत नेणं म्हणजे ऑर्गनवाल्याशी जुगलबंदीच झाली असती. शिवाय माझा उजवा गुडघा तिसऱ्या पावलालाच असहकार करतो.

समोरच्या घरातल्या आयर्लिस प्रॉसरबाईंनी खिडकीतून हे सगळं पाहिलं होतं. बाई वेल्सच्या. आमच्या गावात येऊन त्यांना एकतीस वर्षं झाली, तरी अजून पाहुणी म्हणून आल्यासारख्या आमच्याकडे बघतात. त्यांच्याकडे त्यांची काळी उंच टोपी आहे, लाल शाल आहे, मार्चच्या पहिल्या तारखेला, वेल्सच्या संताच्या दिवशी, छातीवर लावायला पिवळं फूल आहे. म्हणजे घरात सगळं जागच्या जागी.

"मी ऐकलं," त्या म्हणाल्या. "इंग्लिश पोशाख शोधताय म्हणे."

"हो."

"सापडणार नाही. तुम्ही लोक इतकी वर्षं दुसऱ्यांच्या घरात मुक्काम ठोकून होतात, की आपलं घर कुठलं तेच विसरलात. आणि कपडे सोडा, तुमचं नाव तरी कुठे तुमचं आहे? ट्रेवर हे नाव आमचं आहे, वेल्सचं. वापरा, आमची हरकत नाही."

सहासष्ट वर्षं मी ते नाव वापरत होतो. त्या दिवशी पहिल्यांदा ते परक्याचा कोट अंगात घातल्यासारखं वाटलं.

आता मी सरकारी मार्गाने जायचं ठरवलं. तीस वर्षं सांडपाणी खात्यात काढल्यामुळे सरकारी मार्ग तुंबला तर कुठे काठी घालायची हे मला कळतं, असा माझा समज होता. लंडनच्या एका खात्याला मी पत्र टाकलं, की इंग्लंडचा अधिकृत राष्ट्रीय पोशाख कोणता ते कृपया कळवावे. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. स्कॉटलंडविषयी चौकशी स्कॉटलंडच्या सरकारकडे करावी, वेल्सविषयी वेल्सच्या. इंग्लंडला वेगळं सरकार नसल्यामुळे आपलं पत्र आमच्याकडे येणं योग्यच आहे, तथापि आमचं खातं संपूर्ण ब्रिटनचं असल्याने एकट्या इंग्लंडविषयी आम्हाला मत देता येत नाही. सोबत, आमच्या उत्तराने आपण कितपत समाधानी आहात याचा फॉर्म जोडला होता.

त्या फॉर्ममध्ये राष्ट्रीयत्वाचा रकाना होता. इंग्लिश, वेल्श, स्कॉटिश, उत्तर आयर्लंडचे, ब्रिटिश. लागू असतील त्या सर्व चौकोनांत खूण करा. मी इंग्लिशवर खूण केली. मग एकटं इंग्लिश जरा आक्रस्ताळं दिसेल असं वाटून ब्रिटिशवर केली. मग मर्डोंचा चेहरा आठवला आणि ब्रिटिशवरची खोडली. मग आपण फुटून निघालोय असं वाटायला लागलं आणि ती परत केली. शेवटी तिथे कागदाला भोक पडलं. तो फॉर्म मी तसाच पाठवला.

जिल्ह्याच्या कार्यालयात लोकसंस्कृतीचा विभाग आहे असं कळलं, म्हणून फोन केला. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती. "कुठल्या समाजाचा पोशाख हवाय आपल्याला?"

"इंग्लिश."

"ते आमच्या यादीत नाहीये. पोलिश आहे, युक्रेनियन आहे, आयरिश आहे, पंजाबी आहे. आपण यांपैकी कशात बसता का?"

"नाही हो."

"मग आपण अल्पसंख्य नाही आहात," ती म्हणाली.

"अहो, माझ्या घरात या बाजूने मी एकटाच आहे," मी म्हणालो. तिने ते नोंदवून घेतलं.

शेवटी तिनेच मला जिल्ह्याच्या संग्रहालयात जायला सुचवलं, आणि तिथे मात्र माझं नशीब उघडलं. तिथल्या बाईंनी एक लांबट खोका आणला, पातळ कागदाचे थर बाजूला केले आणि आतून एक कपडा काढला. मेंढपाळांचा अंगरखा. त्याला स्मॉक म्हणतात. जाड, सायीच्या रंगाचं लिननचं कापड, गुडघ्यापर्यंत लांब. छातीवर आणि खांद्यांवर बारीक चुण्या घालून त्यांवर भरतकाम, लहान मुलींच्या फ्रॉकवर असतं ना, तसं.

"पुढून आणि मागून सारखाच आहे," बाई म्हणाल्या. "पुढची बाजू मळली की फिरवून घालायचे."

इतका व्यवहारी कपडा जगात दुसऱ्या कुणाचा असूच शकत नाही, अशी माझी तिथेच खात्री पटली. शिवाय माझे पणजोबा, जोसाया टून, याच जिल्ह्यात मेंढपाळ होते. चर्चच्या जुन्या वहीत तशी नोंद आहे. असाच अंगरखा घालून ते याच टेकड्यांवर उभे राहिले असतील असं मनात आलं आणि मला भरून आलं. मी बाईंना म्हणालो, धूळ फार आहे इथे. त्या म्हणाल्या, हो, फार आहे. तिथे कणभरही धूळ नव्हती.

आता शिवणार कोण? बर्नार्डने आमच्या जवळच्या लेस्टर शहरातल्या मेल्टन रोडवरच्या जयंत मिस्त्रींचं नाव सांगितलं. लग्नाच्या शेरवान्या आणि सूट शिवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही म्हणे. मी संग्रहालयातून काढून आणलेले फोटो त्यांच्यासमोर ठेवले. जयंतभाईंनी चष्मा कपाळावर नेला, परत नाकावर आणला आणि आत हाक मारली, "बा, जरा बाहेर ये. तुझं काम आलंय."

आतून त्यांच्या आई, कांताबेन आल्या. पंचाहत्तरीच्या असतील. फोटो हातात घेतला आणि हसायला लागल्या. "हे होय? हे तर मी तिकडे युगांडात, कंपालात मिशनच्या शाळेतल्या गोऱ्या पोरींच्या फ्रॉकवर करायचे. डझनाने केलंय. पण एवढ्या मोठ्या बाप्याच्या अंगावर कधी नाही केलं."

"हा इंग्लंडचा राष्ट्रीय पोशाख आहे," मी जरा ताठ होऊन म्हणालो.

"असं कोण म्हणतं?"

"सध्या मीच."

मापं घेताना जयंतभाईंनी हकीकत विचारली. मी सगळी सांगितली. त्यांनी टेप माझ्या छातीभोवती गुंडाळली आणि म्हणाले, "तुमचं कठीणच आहे, टूनसाहेब. माझं कसं सरळ आहे. मी ब्रिटिश."

"इंग्लिश नाही?"

"पासपोर्टवर ब्रिटिश लिहिलंय, कुणी विचारलं तर दाखवता येतं. इंग्लिश असल्याचा कागद कुठे मिळतो? मी इंग्लिश आहे असं एकदा पबमध्ये म्हणून बघितलं. समोरचा म्हणाला, ते ठीक, पण मूळचे कुठले?"

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"सांगितलं, लेस्टर. तो म्हणाला, नाही, त्याच्या आधी. मी म्हटलं, त्याच्या आधी मी आईच्या पोटात होतो. तुम्ही कुठले?"

"माझा जन्म नॉटिंगहॅमचा," मी कबूल केलं.

"म्हणजे लेस्टरचा मी तुमच्यापेक्षा जास्त," जयंतभाई म्हणाले आणि बाहीचं माप लिहून घेतलं.

 आमच्याकडे असं कुठे अडलं की माणूस एकतर हवेवर बोलतो नाहीतर आमंत्रण देतो. हवेवर बोलून झालं होतं. मी दोघांना लग्नाचं आमंत्रण देऊन टाकलं.

अंगरखा झाला तो देखणाच झाला. कांताबेननी चुण्यांवर असं नाजूक काम केलं होतं की संग्रहालयातला त्यापुढे घाईत उरकल्यासारखा वाटावा. घेराला मात्र त्यांनी हात सैल सोडला होता. "असू दे ढगळ," त्या म्हणाल्या. "उद्या अंग सुटलं तर?" त्यात मी आणि माझा एखादा भाऊ सहज मावलो असतो.

चालण्याची सवय व्हावी म्हणून एका सकाळी मी तो घालून, हातात काठी घेऊन गावात एक फेरी मारायला निघालो. तळ्यापाशी टपाल वाटणारी बाई भेटली. नवीनच होती. तिने सायकल भिंतीला टेकवली, अगदी हळुवारपणे माझा दंड धरला आणि म्हणाली, "चला आजोबा. कुठल्या वॉर्डातून आलात? घरी कुणी काळजी करत असेल ना?" मी इंग्लंडचा राष्ट्रीय पोशाख घातला आहे, असं मी तिला ठासून सांगितलं. "हो, हो, घातलाय हं," ती म्हणाली, आणि मला थेट दारापर्यंत सोडून हिलरीच्या ताब्यात दिलं.

नेमकी त्याच दिवशी फिलिपा घरी आली होती. ती जिन्यावर बसून मला न्याहाळत राहिली.

"बाबा, हे दवाखान्यातल्या पेशंटच्या झग्यासारखं दिसतंय."

"ते कळलं मला."

"साधा सूट घाला ना. मला लग्नात माझे बाबा हवेत. इंग्लंड कशाला हवंय?"

मी तिच्या शेजारी पायरीवर बसलो. असल्या गोष्टी बोलायची मला सवय नाही, पण त्या दिवशी बोललो. "तू आता तिकडे जाणार. उद्या तुला मुलं होतील, ती त्या चौकड्यांच्या कपड्यात वाढतील. छान आहे तो, मला आवडतो. पण एक दिवस ती विचारतील, हे आजोबा गेडिसांचं, मग आजोबा टूनांचं काय? तेव्हा तू काय दाखवणार? राखाडी सूट?"

तिने अंगरख्याच्या बाहीवरची एक चुणी सरळ केली. मग म्हणाली, "काठी तरी घेऊ नका," आणि वर गेली.

त्यानंतर तिने त्या अंगरख्याला नाव ठेवलं नाही. मी अकरा कार्डांवर भाषण लिहिलं. पहिल्या कार्डावर जोसाया टून, अकराव्यावर मर्डोंच्या त्या प्रश्नाचं उत्तर. रोज सकाळी न्हाणीघरात मी ते म्हणून बघायचो.

लग्न ऑगस्टमधल्या एका शनिवारी, दुपारी दोनला. अकरा वाजता मर्डोंची बस हॉलपाशी लागली आणि तिच्यातून विहीणबाई, मॉराग, रडवेल्या चेहऱ्याने उतरल्या. बसमध्ये चुरगळू नयेत म्हणून त्यांनी सगळे किल्ट एका व्हॅनमध्ये टांगून वेगळे पाठवले होते, आणि त्या व्हॅनने दोनशे मैल मागे हमरस्त्यावर मान टाकली होती. ती संध्याकाळच्या आत येत नव्हती. स्ट्रुअन आदल्या दिवशीच आपला किल्ट घेऊन आला होता, तेवढं नवऱ्या मुलाचं भागलं. बाकीचे अठरा जण प्रवासाच्या कपड्यांत होते.

त्या क्षणी बर्नार्ड ओल्डरशॉच्या आयुष्याचं सार्थक झालं. तो गावात घरोघरी फिरला आणि त्याने तासाभरात सतरा सूट गोळा करून आणले. एक तर रेव्हरंड साहेबांच्या कपाटातला होता. साडेबाराला हॉलच्या पायऱ्यांवर सतरा स्कॉटिश पुरुष राखाडी आणि काळ्या सुटांत उभे होते. लेस्टरच्या एखाद्या विमा कंपनीची वार्षिक सभा सुटल्यासारखं दिसत होतं.

अठरावे मर्डो. त्यांच्या मापाचा सूट आख्ख्या गावात निघाला नाही. उकाडा म्हणून ते प्रवासात गुडघ्यापर्यंतची चड्डी आणि मासेमारीचं जाकीट घालून आले होते, आणि आता बसच्या शेवटच्या सीटवर बसून होते. खाली उतरायला तयार नव्हते. मी आत गेलो. माझ्या अंगात अंगरखा, खिशात अकरा कार्डं.

"मी इथेच बसतो," ते म्हणाले. "पोराच्या लग्नात चड्डीवर उभा राहणार नाही. माझ्या वडिलांचा कमरेचा पट्टा आहे हो त्या व्हॅनमध्ये. ते मला म्हणाले होते, पोराच्या लग्नात हा लाव." एवढा मोठा माणूस, पण आवाज बारीक झाला होता.

खरं सांगतो, मला तो अंगरखा द्यायचा नव्हता. तीन महिने मी त्याच्यासाठी टोमणे खाल्ले होते, लंडनशी पत्रव्यवहार केला होता, टपालवाल्या बाईच्या हाताला धरून घरी आलो होतो. आणि आज पहिल्यांदा अशी वेळ होती की नवरा मुलगा सोडला तर दोन्ही घराण्यांत मिळून फक्त माझ्याच अंगावर काहीतरी होतं. मी बसच्या छताकडे बघितलं, सीटच्या कापडाकडे बघितलं. मग मी अंगरखा डोक्यावरून काढला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला.

"हे काय?" मर्डो म्हणाले. "हा तुमचा आहे."

"म्हणूनच देता येतो ना."

"फक्त तुमचा. एकट्या इंग्लंडचा."

"लवकर घाला," मी म्हणालो. "मी बनियनवर उभा आहे आणि खिडकीतून प्रॉसरबाई बघताहेत."

तो त्यांना असा बसला, की जणू कांताबेननी माप त्यांचंच घेतलं होतं. मी घरी पळालो आणि राखाडी सूट चढवला. फिलिपा जिना उतरून आली, माझा हात धरला आणि थांबली. "बाबा, अंगरखा कुठेय?"

"तुझ्या सासऱ्यांच्या अंगावर."

तिला हसूही आलं आणि डोळेही भरले. हिलरी म्हणाली, काजळ पुसलं जाईल, चला.

जेवणाआधी मर्डो उभे राहिले.  "आमच्या घराण्यात तीनशे वर्षांत कुणी इंग्लिश कपडा अंगाला लावला नव्हता," ते म्हणाले. "आज मी लावला. हवेशीर आहे, ऐसपैस आहे, खिसे चांगले मोठे आहेत. मी चाळीस वर्षं मेंढ्यांच्या मागे हिंडलो. त्या कामाचा नेमका कपडा इकडे खाली होता, हे मला कुणी सांगितलं नाही. हा माझ्या व्याह्यांचा आहे. यांचं असं काय आहे म्हणून मीच त्यांना विचारलं होतं. शिवला कुणी?"

मी कांताबेनकडे बोट दाखवलं. त्या नारिंगी साडीत उभ्या राहिल्या.

"बाई, तुम्ही कुठल्या?" मर्डोंनी विचारलं.

आमच्या बाजूचे सगळे एकदम काटेचमचे सरळ करायला लागले. हा प्रश्न कसा टाळायचा यात आमचं गाव वाकबगार आहे.

"लेस्टरची," कांताबेन म्हणाल्या.

"म्हणजे इंग्लिश," मर्डो म्हणाले. गाय कुठल्या जातीची ते सांगावं इतक्या सहज. मी जयंतभाईंकडे पाहिलं. ते पाण्याच्या ग्लासात बघत होते.

कांताबेननी पदर सावरला. "चालेल," त्या म्हणाल्या. "पण क्रिकेटची मॅच असली की मी भारताची. आत्ताच सांगून ठेवते."

"मीसुद्धा," मर्डो म्हणाले. "इंग्लंडविरुद्ध जो खेळेल, त्याचा मी."

हॉलमध्ये जो हशा झाला, त्यानंतर माझ्या अकरा कार्डांचं काही काम उरलं नाही. मी उभा राहिलो, माझा पोशाख व्याह्यांनी घातला आहे एवढंच म्हणालो आणि खाली बसलो. हिलरीने माझा हात दाबला. आमच्याकडे हे फार मोठं कौतुक समजतात.

अंगरखा परत आला नाही. सहा आठवडे मी वाट पाहिली. दोनदा फोन करून हवा कशी आहे, लिनन वाळायला वेळ लागत असेल, असं सुचवून बघितलं. मॉरागबाईंकडून कळलं की मर्डो तो घालून मेंढ्यांच्या बाजाराला जातात, आणि तिथल्या तिघांनी कांताबेनकडे तसेच अंगरखे मागवले आहेत.

"गेला म्हणायचा तोही," प्रॉसरबाई म्हणाल्या. "आणखी दहा वर्षांनी ते लोक तुम्हाला सांगतील, हा मूळचा स्कॉटलंडचाच." मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

शेवटी मी फिलिपालाच फोन केला आणि या वेळी आडवळणाने गेलो नाही. म्हटलं, सासऱ्यांना सांग, माझा अंगरखा पाठवून द्या.

"नाही पाठवणार, बाबा," ती म्हणाली. "मीच त्यांच्याकडून मागून घेतलाय. आमच्या कपाटात आहे."

"तुला कशाला तो?"

 "मे महिन्यात लागेल. म्हणजे लगेच नाही, पण ते जे कोण येईल ते मोठं होऊन विचारेल ना, आजोबा टूनांचं काय म्हणून. तेव्हा घरात असायला नको?"

मी बरं म्हणालो. काळजी घे म्हणालो. फोन ठेवला. हिलरी स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि माझ्या तोंडाकडे बघून काय झालं म्हणून विचारायला लागली.

"काही नाही," मी म्हणालो. "तिकडे पाऊस आहे म्हणे."